गुलाबी टोपणाची बाटली

३ जून

ठके,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं. चार वर्षांत तुझं अक्षर काही सुधारलेलं नाही. पाकीट आधी मशीनखाली सरकवलं, म्हटलं पडू दे तिथेच. मग एका गिऱ्हाइकाची पँट देऊन झाली, दुसऱ्याचा कोट घेऊन झाला, आणि हातात कात्री असताना मी ते पाकीट दातांनी फाडलं. तुझा फोन उचलणार नाही असं मीच सांगितलं होतं. पत्राबद्दल काही बोलले नव्हते. हे तू बरोबर ध्यानात ठेवलंस.

सहावा महिना लागला, आणि मला आत्ता कळतंय. ते राहू दे. आधी डोळ्याचं बोलू.

कसर लागलेला कोट रफू करताना लोकरीचं कुसळ डोळ्यात गेलं आणि तू ते ओल्या धाग्याने काढलंस. इथपर्यंत बरोबर. तुझ्या बाबांनी मला तसंच शिकवलं आणि मी तुला. धागा जिभेवरून फिरवायचा, पापणी वर करायची, टोक लावायचं, कुसळ चिकटून येतं. रफूवाल्यांच्या घरातलं कुणी कुसळ काढायला दवाखान्यात गेल्याचं मला आठवत नाही. तू घाई केली असणार. तुझा हात पहिल्यापासून घाईचा, म्हणून ओरखडा उठला.

आता डोळा लाल झालाय, उजेड सोसत नाही, सकाळी पापण्या चिकटून बसतात. डॉक्टरीणबाई म्हणतात ओरखड्यात जंतू झालेत, आणि त्यांनी थेंब दिलेत. तू लिहितेस की पोटुशी बाईला चालेल असंच औषध दिलंय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात फारसं उतरत नाही. आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावलंय. वाचून मला हसूच आलं. औषध एवढं निर्धोक असेल तर कोपरा दाबायचा कशाला? घरात चोर शिरत नाही म्हणायचं आणि वर कडी लावून घ्या म्हणायचं.

मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात जे झालं ते तू एका ओळीत लिहिलंयस. ती ओळ मी पुन्हा वाचलेली नाही. तेव्हाही तू तापाच्या गोळ्या घेत होतीस म्हणतेस. मग आणखी काय सांगायला हवं?

तू विचारलंस, "आई, काय करू?"

माझं ऐक. त्या बाईंचे थेंब बंद कर. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुला कोण कळवणार म्हणा. तेव्हा मला गुलाबी टोपणाच्या बाटल्या दिल्या होत्या. त्यातली एक उरलीय, सीलसुद्धा तोडलेलं नाही. माझा डोळा लालभडक झाला होता, त्या थेंबांनी दोन दिवसांत निवळला. माझ्या म्हाताऱ्या, कापलेल्या डोळ्याला जे सोसलं ते तुला न सोसायला काय झालं? संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे डबी देतेय, पत्र त्यातच आहे. तुझ्या इस्त्रीवाल्याला सकाळी स्टँडवर पाठव.

आणि कोपराबिपरा दाबत बसू नकोस. डोळ्यात टाकायचं औषध, ते पोटात कशाला जातंय?

तुझी आई, अजून तरी


९ जून

ठके,

बघ! दोन दिवसांत लाली गेली की नाही? ठणकाही कमी झालाय म्हणतेस. आणि लोक पदव्या घेऊन बसतात.

इस्त्रीवाला म्हणाला, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नकोस," आणि त्यावरून तुमचं वाजलं, असं तू लिहिलंयस. त्याला माझा निरोप सांग: तू कॉलरी सांभाळ, डोळे आम्ही सांभाळतो. तो आपल्या दुकानात इस्त्रीच्या कामाला आला तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय. त्यातूनच तुला पळवलीन आणि लग्न केलंन.

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेली नाहीस ते ठीक केलंस. तिथे बाकावर दहा जणांच्या खोकल्यात बसायचं, त्यापेक्षा घरी पाय वर करून बस. थोडं धूसर दिसतं म्हणतेस, ते थेंबांमुळे असेल. मलाही दिसायचं.

एक सांगू? तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी दुकान लवकर बंद करतेय. बाळासाठी मऊ कापड शोधत बसते. धुऊन धुऊन विरलेल्या सुती चादरीची दोन झबली बेतलीत. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलीय, बाळाला टोचायला नको. शेजारीण विचारते, आज तोंडावर तेज कसलं? मी म्हटलं, मुलीचं पत्र आलंय. चार वर्षं मी तिला सांगत होते की मला मुलगी नाही. तिने उठून चहा केला.

तू मला विचारलंस ना, काय करू म्हणून. मला फार बरं वाटलं.

बाटली संपत आली की कळव.

आई


१६ जून

ठके,

पत्र मिळालं. घाबरून जाऊ नकोस.

बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो म्हणतेस. लोकरीचं काही आत राहिलं असेल, ते वर येत असेल. पाणी येतं, डोकं अर्ध्या बाजूने दुखतं, हे पोटुशीपणात होतंच. माझंही दुखायचं. तू पोटात असताना मला सतत काही ना काही व्हायचं.

मी औषधाच्या दुकानात गेले होते, काम होतं म्हणून. बोलता बोलता त्या बाटलीचा विषय निघाला. तो म्हणाला, थोडे दिवस बंद ठेवलेलं बरं. तर थोडे दिवस बंद ठेव. तसं घाबरण्यासारखं काही नाही.

आणि जवळच असेल तर त्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून ये. आजच जा. उद्यावर टाकू नकोस. त्यांनी विचारलं तर माझं नाव काढायची गरज नाही, उगीच म्हातारीचं काय घेऊन बसायचं.

झबली तयार आहेत.

आई


२४ जून

ठके,

घरी पोचले. मशीनवरचं कापड बाजूला सारून लिहायला बसलेय. तोंडाने बोलले असते तर तू ऐकलं नसतंस, आणि तुझी चूकही नाही.

जे झालं ते सरळ लिहिते. तुझ्या नवऱ्याचा निरोप आला की तुला दवाखान्यात ठेवून घेतलंय, आणि मी मिळेल त्या बसने निघाले. आधी तुमच्या खोलीवर गेले, कारण तो म्हणाला किल्ली खालच्या घरात आहे, तिचे कपडे घेऊन या. इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर तुझा कंगवा, सुयांची डबी आणि ती बाटली होती. मी कपडे घेतले. कंगवा घेतला. बाटलीही पिशवीत टाकली. का टाकली? तेव्हा वाटलं, आवरावं म्हणून टाकली. आता माहीत आहे. ती कुणी बघू नये म्हणून टाकली.

दवाखान्यात तुझ्या उशाशी उभी राहिले. तुझ्या डोळ्यावर जाळीची वाटी बांधलेली होती, दुसरा डोळा उजेडाला मिटलेला. तू हाताने चाचपलंस आणि माझा पदर धरलास. चार वर्षांनी धरलास.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने तुझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, "मी दिलेले थेंब बंद करून तुम्ही दुसरं काय घातलंत? बाटली आणलीय?"

तू म्हणालीस, "दुकानातून आणली होती. संपली, टाकून दिली."

"कुठलं औषध होतं, नाव आठवतं?"

"नाही."

मग त्या तुला बोलल्या. पोटात बाळ आहे, एक डोळा जायची वेळ आलीय, आणि कुणाच्याही सांगण्यावरून काहीही घालता? जंतू झालेल्या डोळ्यात लाली दाबणारं स्टेरॉईड पडलं तर वरून डोळा निवळल्यासारखा दिसतो आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. तुम्ही तेच घातलं असेल तर मला आज कळायला हवं. तू मान खाली घालून ऐकत होतीस. तुझा नवरा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तू बोलली नाहीस म्हणून तोही बोलला नाही. मी पिशवी पोटाशी धरून उभी होते. बाटली पिशवीत होती, ठके. तू माझ्यासाठी बोलणी खात होतीस आणि ती माझ्या हाताला लागत होती.

सकाळी मी परतीच्या बसमध्ये बसलेसुद्धा. तिकिटाचे सुटे पैसे काढायला पिशवीत हात घातला आणि बाटली हातात आली. कंडक्टर म्हणाला, "आजी, पुढे सरका." मी उतरले. चालत परत आले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "हे काल सांगितलं असतंत तर औषध कालच बदललं असतं."

तेव्हा तू जागी आहेस हे मला कळलं. तू म्हणालीस, "पिशवीत होती? मी बोलणी खात होते तेव्हा पिशवीत होती?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

आता आणखी एक. मागच्या पत्रात लिहिलं होतं की औषधवाला म्हणाला, थोडे दिवस बंद ठेवलेलं बरं. तो असं म्हणाला नव्हता. मी त्याला म्हटलं, माझ्याच डोळ्यासाठी विचारतेय. तो म्हणाला, "आजी, डोळ्यात जंतू असताना हे टाकाल तर डोळा घालवून बसाल." मी घरी येऊन 'थोडे दिवस' असं लिहिलं. जे कानांनी ऐकलं ते लिहायला हात धजला नाही.

डॉक्टरीणबाईंना मी मागच्या वेळचंही विचारलं, तापाच्या गोळ्यांचं. त्या म्हणाल्या, त्या गोळ्यांनी मूल जात नाही, ताप अंगावर काढणं जास्त वाईट. आणि कोपरा दाबायचं का, तेही विचारलं. म्हणाल्या, औषध चालणारंच आहे, पण जेवढं डोळ्यातच राहील तेवढं चांगलं, म्हणून दाबायचं. इतकं साधं होतं. मी त्यावर हसले होते.

निघताना बघितलं, तुझा नवरा तुझ्या डोळ्यात थेंब टाकून कोपरा दाबून धरत होता. इस्त्रीने निबर झालेलं बोट, पण किती हलकं ठेवलं होतं त्याने. मी त्याला बरंच काही म्हणत आले.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तुला उत्तर द्यावं लागेल.

आई


१२ जुलै

ठके,

तुझं पत्र नाही, ते साहजिक आहे. जावई दोन ओळी लिहितात, त्यावर माझं चाललंय.

त्यांनी कळवलं की जंतू गेले, पण बुबुळावर फूल पडलंय, पांढरा डाग राहिलाय. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, समोर धरलेली बोटं मोजता येत नाहीत. बाळाचे ठोके चांगले आहेत. तासातासाला औषध पडत होतं, तरी बाळाला काही झालं नाही. मी ज्या थेंबांना घाबरले त्यांनी काही झालं नाही.

मी इथल्या डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते. म्हटलं, माझा डोळा काढून तिला लावा. तिथला माणूस भला होता, हसला नाही. म्हणाला, जिवंत माणसाचा घेत नाहीत. बाळंतपणानंतर तुझं नाव यादीत लागेल, कुणी गेलं आणि त्याचं बुबुळ जुळलं तर तुझा नंबर. मी लगेच माझं नाव देऊन आले, माझ्यामागे माझे डोळे घ्या म्हणून. मोतीबिंदू झालेले चालतात का विचारलं. चालतात म्हणाला. पण ते तुलाच मिळतील असं नाही, हेही त्याने सांगितलं. जरा धीर आल्यासारखं वाटलं होतं, ते तिथेच संपलं.

जावयांनी लिहिलंय की तू सुई ओवायला बसलीस आणि धागा नेढ्याच्या अलीकडे-पलीकडे जात राहिला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, सुई आहे तिथे वाटत नाही आणि वाटते तिथे नसते. मग तू सुई फेकून दिलीस आणि नंतर जमिनीवर बसून हाताने शोधत होतीस, कुणाच्या पायात जाईल म्हणून. हे मला का लिहिलं त्यांनी कोण जाणे. पण लिहिलं ते बरं केलं.

तुला रफू शिकवताना मी तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचा धागा काढायचा आणि भोक असं भरायचं की ज्याचा कोट त्यालासुद्धा सापडू नये. तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं व्हायला लागलं तेव्हा मी तुला सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, तरी सांगते.

सोबत फलाटीनच्या मऊ कापडाचा तुकडा आहे. त्यात सुया ओवून खोचल्यात. काळा, करडा, तपकिरी, खाकी, आणि पांढरा जास्त. संपल्या की तुकडा परत पाठव, पुन्हा ओवून देईन. मला दुसरं काही येत नाही.

आई


३ ऑगस्ट

ठके,

फलाटीनचा तुकडा परत आला. सुया होत्या तशाच. एकही धागा तोडलेला नाही.

जावयांची चिठ्ठी होती. "ती स्वतःच ओवते. वेळ लागतो, कधीकधी रडते, पण ओवते. ती म्हणते, आईकडून आलेलं काही नको. राग मानू नका."

राग कसला? बरोबर आहे तुझं. मी पाठवलेलं घेऊन बघितलंयस तू.

सुयांमधले धागे काढून रिळांना गुंडाळले. काढताना एक सुई बोटात गेली. रक्त आलं, पण मला आधी कळलंच नाही. झबलीही पाठवणार होते, ती ठेवून घेतली. शेजारणीला म्हटलं, सध्या आमच्याकडून काही जात नाही.

आई


२१ सप्टेंबर

ठके,

जावयांचं पत्र आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे एवढं वाचून मी दुकानाचं दार लावलं आणि खुर्चीवर बसून पोटभर रडले. गिऱ्हाईक दार वाजवत होतं, त्याला म्हटलं उद्या या, आज आमच्याकडे बाळ झालंय.

पुढचं नंतर वाचलं. ते लिहितात, "बाळाचा उजवा डोळा सकाळी चिकटलेला असतो. कोपऱ्यात पिवळं येतं. ती तुम्हाला काही विचारत नाहीये. मीच आपलं कळवतोय."

खरं सांगते. पत्र हातात असतानाच माझ्या डोक्यात सगळं आलं. काय लावायचं, कशात भिजवायचं, कुठल्या बाजूने पुसायचं, काय टाकायचं. माझ्या आईने माझं केलं, मी तुझं केलं. पेन उचललं आणि पहिल्या ओळीतच लिहून बसले, 'माझं ऐक.' नंतरचं अर्धं पानसुद्धा भरलं. मग ते वाचलं. वाचताना मला तुझ्या डोळ्यावरची जाळीची वाटी दिसत होती. तो कागद चुलीत घातला. हा दुसरा आहे.

जूनमध्ये तू विचारलंस, काय करू, तेव्हा उत्तर एका ओळीचं होतं. मला ते लिहिता आलं नाही. चार वर्षांनी मुलगी काही विचारते आणि आईने म्हणायचं, मला ठाऊक नाही? मला वाटलं, तसं म्हटलं तर तू पुन्हा कधी विचारणार नाहीस. आता तू विचारत नाहीसच. म्हणून आज लिहायला सोपं जातंय.

ठके, मला माहीत नाही. डोळा कशाने चिकटतो ते मला माहीत नाही, त्यावर काय घालायचं तेही मला माहीत नाही. शेजारीण सांगेल, खालच्या घरातली म्हातारी सांगेल, ओल्या धाग्याने काढावं म्हणून तुझाच हात पुढे होईल. कुणाचं ऐकू नकोस. माझं तर नकोच. तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. लाली नसली तरी ने, बरं वाटलं तरी ने. पुन्हा बोलावलं तर पुन्हा ने. आजच ने.

पत्र संध्याकाळच्या बसने येईल. ड्रायव्हरने विचारलं, "आजी, डबी कुठंय?" त्याला सांगितलं, डबी नाही, नुसता कागद आहे. जावयांना म्हणावं पाकीट हलवून बघा, आत दुसरं काही नाही.

आई